देशोधडीला लागलेले जपानी मच्छीमार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्मिनल आयलंड आणि स्टीव्हस्टन या दोन वस्त्यांविषयी मी बोलते-लिहिते तेव्हा ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. घाईत असाल तर बाकीचे प्रश्न नंतर वाचा, पण प्रश्न ६ वगळू नका. पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

१. हे नेमकं कुठे आणि कधी घडलं?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला आणि त्यानंतर काही महिन्यांत या किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढण्यात आलं. अमेरिकेत ही संख्या १,२०,००० च्या आसपास होती, कॅनडात सुमारे २२,०००. त्यांत शेतकरी, माळी, दुकानदार असे सगळे होते. मच्छीमारांवर मात्र घाला सगळ्यात आधी पडला. इथे मुख्यतः दोन ठिकाणांची माहिती आहे: लॉस एंजेलिस बंदरातलं टर्मिनल आयलंड, आणि कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात फ्रेझर नदीच्या मुखाशी असलेलं स्टीव्हस्टन.

२. हे लोक मूळचे कुठले? एवढ्या लांब मासेमारीला कशासाठी गेले?

दोन्हीकडचे बरेचसे लोक वाकायामा या एकाच प्रांतातले. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, शेतीला जमीन नाममात्र, पोट समुद्रावरच. तिथलं ताइजी हे देवमाशांच्या शिकारीचं जुनं गाव. १८७८ च्या डिसेंबरात शिकारीला गेलेल्या तिथल्या होड्या वादळात सापडल्या आणि शंभराहून अधिक माणसं बुडाली. गावाचं कंबरडं मोडलं. पुढच्या काळात तिथली तरुण मुलं कॅलिफोर्नियाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली (ऑस्ट्रेलियाची गोष्ट प्रश्न १९ मध्ये).

स्टीव्हस्टनचा धागा मिओ या गावाशी जुळतो. तिथला गिहेइ कुनो १८८८ मध्ये फ्रेझर नदीवर पोचला, नदीत चढून येणारे सामन मासे त्याने पाहिले आणि गावी निरोप धाडला. मग एकामागून एक घरं रिकामी होऊन स्टीव्हस्टनला गेली. परतलेल्यांच्या राहणीमुळे मिओला आजही ‘अमेरिका-मुरा’, म्हणजे अमेरिका-गाव म्हणतात.

३. इस्सेई, निसेई हे शब्द सारखे येतात. त्यांचा अर्थ काय?

इस्सेई म्हणजे जपानहून आलेली पहिली पिढी, निसेई म्हणजे तिकडे जन्मलेली त्यांची मुलं. हा फरक नुसता वयाचा नाही. अमेरिकेत जन्मलेला निसेई आपोआप नागरिक होई. त्याच्या बापाला मात्र चाळीस वर्षं राहूनही नागरिकत्व मागता येत नसे, कारण कायद्याने ते गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरतंच राखलेलं होतं. ही अडवणूक १९५२ मध्ये उठली. म्हणजे ‘शत्रुदेशाचा नागरिक’ म्हणून ज्यांना धरलं, त्यांना दुसरं काही होण्याची वाटच कायद्याने ठेवली नव्हती.

हाच कायदा भारतीयांनाही लागू होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरवलं, आणि ती बंदी १९४६ पर्यंत टिकली.

४. टर्मिनल आयलंडवर जीवन कसं होतं?

बंदराच्या कुशीतलं हे सपाट बेट. त्याच्या एका टोकाला फिश हार्बर, त्याभोवती मासळी डब्यात भरणारे कारखाने आणि त्यांना खेटून जपानी वस्ती. १९४१ पर्यंत इथे सुमारे ३,००० लोक राहत होते. मुख्य रस्त्याचं नावच टूना स्ट्रीट. किराणा, न्हावी, खाणावळी, शिंतो देऊळ, बौद्ध मंदिर, बाप्टिस्ट चर्च, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मोठी मुलं फेरीबोटीने पलीकडच्या सॅन पेड्रोला शाळेत जात. बोली वाकायामाच्या किनाऱ्याची, त्यात इंग्रजी शब्द कालवलेले. शहरातल्या जपान्यांना ती राकट वाटे.

पुरुषांची मासेमारी पाहण्यासारखी होती. कुप्यांचा (टूनाचा) थवा दिसला की जिवंत आमिष पाण्यात फेकायचं. मासा आमिषावर तुटून पडला की होडीच्या कडेला ओळीने उभं राहून बांबूच्या काठीने गळ टाकायचा. गळाला उलटं टोक नसे, त्यामुळे काठी झटक्यात वर घेतली की मासा डोक्यावरून मागे फळ्यांवर येऊन आपटे आणि गळ आपोआप सुटे. मासा फारच मोठा असेल तर दोघांच्या दोन काठ्या एकाच गळाला बांधत आणि दोघं एका ठेक्यात उचलत. ठेका चुकला तर मासाही गेला आणि काठीही.

बायकांचा दिवस भोंग्यावर ठरे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. होड्या तारली घेऊन आल्या की रात्रीचे दोन वाजलेले असोत, भोंगा व्हायचा. अंथरुणात पडल्या पडल्या बाईला कळायचं की हा आपला की शेजारणीचा. आपला असेल तर उठायचं, रबरी बूट चढवायचे आणि पहाटेपर्यंत मासळीची डोकी उडवत, डबे भरत उभं राहायचं. बेटावर लहानपण गेलेल्यांच्या आठवणींत हे भोंगे फार येतात.

५. घरं आणि होड्या त्यांच्या स्वतःच्या होत्या का?

घरं नव्हती. बहुतेक घरं कारखान्यांची, भाडं कमी, आणि अट अशी की मासळी त्याच कारखान्याला द्यायची. जमीन बंदराची. होड्यांचं मिश्र होतं: काहींच्या स्वतःच्या, काही कारखान्यांच्या, काही कारखान्याकडून उचल घेऊन बांधलेल्या. जाळी मात्र बहुधा स्वतःची, आणि ती महाग. एखाद्या कुटुंबाची वीस वर्षांची कमाई जाळ्यांत अडकलेली असे.

ही गोष्ट पुढे फार महागात पडली. ज्याच्याकडे खरेदीखत असतं त्याला निदान काय गेलं ते दाखवता येतं. या माणसांची मालमत्ता म्हणजे जाळं, परवाना, कारखान्याशी जमलेला हिशेब, आणि कुठल्या महिन्यात मासा कुठे असतो याचं ज्ञान. याची पावती कोण देणार? (भरपाईचं प्रश्न १७ मध्ये.)

६. युद्धाआधी सगळं सुरळीत होतं आणि पर्ल हार्बरमुळे अचानक बिघडलं, असंच ना?

नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे.

कॅनडाची गोष्ट घ्या. ब्रिटिश कोलंबियात जपानी, चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांना मतदानाचा हक्कच नव्हता, मग ते तिथे जन्मलेले का असेनात. मासेमारीचा परवाना मिळे, कारण ब्रिटिश प्रजेचं नागरिकत्व घेता येई. पण जपानी मच्छीमार वाढले तशी गोऱ्या मच्छीमारांची ओरड वाढली, आणि १९२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डफ आयोगाने जपान्यांचे परवाने कमी करण्याची शिफारस केली. पुढच्या काही वर्षांत ते सुमारे ४० टक्क्यांनी छाटले गेले. उत्तरेकडे स्कीना नदीवर इतरांना मोटारीच्या होड्यांची मुभा मिळाली, जपान्यांना मात्र काही वर्षं वल्ही आणि शिडावरच ठेवलं. आपल्या शेजारून दुसऱ्याची होडी फटफट करत मासळीवर आधी पोचते आणि आपण वल्हं मारतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

कॅलिफोर्नियातही जपान्यांना मासेमारीचे परवाने देऊ नयेत असे प्रस्ताव विधिमंडळात वारंवार येत होते. ते पडत होते, पण दर वेळी भाषा तीच: हे आपला मासा नेतात, हे नौदलाच्या तळाजवळ राहतात, यांच्या होड्या उद्या शत्रूच्या कामी येतील. १९४१ च्या डिसेंबरात नवं काही सुचावं लागलं नाही. वीस वर्षं जे मागितलं जात होतं, ते युद्धाने एका फटक्यात देऊन टाकलं.

७. टर्मिनल आयलंडवर काय झालं ते तारखांसह सांगाल का?

७ डिसेंबरच्या संध्याकाळीच धरपकड सुरू झाली. मच्छीमार संघटनेचे पदाधिकारी, जपानी शाळेचे शिक्षक, पुरोहित यांना एफबीआयने नेलं. त्यांची नावं आधीपासून यादीत होती. इस्सेईंची मासेमारी थांबली.

२ फेब्रुवारी १९४२ रोजी पहाटे एफबीआयची माणसं घरोघर गेली आणि मासेमारीचा परवाना असलेल्या जवळजवळ सगळ्या इस्सेई पुरुषांना घेऊन गेली. सुमारे ४०० जण. बेटावर उरल्या बायका, मुलं आणि काही म्हातारे. बापांना नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कजवळच्या छावणीत पाठवलं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेली माणसं ऐन हिवाळ्यात गोठलेल्या माळावर.

फेब्रुवारीच्या मध्याला कळवलं गेलं की महिन्याभरात बेट सोडावं लागेल. लोक त्या हिशेबाने आवराआवर करू लागले. मग २५ फेब्रुवारीला नौदलाचे फलक लागले: ४८ तास. २७ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत बेट रिकामं.

८. ४८ तासांत त्यांनी काय काय नेलं?

हाताला लागलं ते. लक्षात घ्या, घरातला कर्ता पुरुष तीन आठवड्यांपूर्वीच गेलेला. आई इस्सेई, तिला इंग्रजी जेमतेम. फलक वाचायला, ट्रक शोधायला, कारखान्यात उरलेल्या पगाराचं विचारायला पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा.

बातमी फुटताच जुन्या सामानाचे व्यापारी ट्रक घेऊन बेटावर उतरले. नवा फ्रिज, शिवणयंत्र, पियानो, जे दिसेल त्याला काही डॉलर देऊ करत. नको म्हटलं तर ‘ठीक आहे, परवा फुकट नेऊ’ अशी भाषा. काही बायकांनी रागाने ताटं-वाट्या अंगणात आपटून फोडल्या, पण त्या भावात दिल्या नाहीत. जाळी गोदामांत तशीच पडली. पुढे ती कोणी नेली, कोणी जाळली, याचा पत्ता अनेकांना लागला नाही.

आणि जायचं कुठे? सरकारने जागा दिली नव्हती. लॉस एंजेलिसच्या जपानी वस्तीतल्या मंदिरांनी, चर्चांनी, भाषा-शाळांनी दारं उघडली. वर्गांत चादरींचे आडोसे करून कुटुंबं राहिली. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी सामान हलवायला हात लावला. जेमतेम महिना गेला आणि एप्रिलमध्ये तिथूनही उचलून बहुतेकांना मांझानारच्या छावणीत नेलं. म्हणजे दोन महिन्यांत दोनदा बिऱ्हाड मोडलं.

९. राष्ट्राध्यक्षांच्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानेच बेट रिकामं झालं ना?

पुष्कळ ठिकाणी असं लिहिलेलं आढळतं, पण ते सरळसोट तसं नाही. लष्कराला हव्या त्या भागातून लोकांना बाहेर काढण्याचा अधिकार देणाऱ्या या ९०६६ वर रूझवेल्ट यांनी सही केली १९ फेब्रुवारी १९४२ ला. टर्मिनल आयलंडची जमीन नौदलाकडे देण्याची प्रक्रिया त्याआधीच सुरू झाली होती, आणि ४८ तासांची नोटीस नौदलाने जागा ताब्यात घेण्यासाठी दिली.

इथूनच आणखी एक वाद निघतो: ‘सर्वांत आधी’ कोण? वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटाचं नावही या यादीत पहिलं दिसेल. दोन्ही बरोबर आहे. अख्खी वस्ती एकदम उठवली गेली ती आधी टर्मिनल आयलंडची, फेब्रुवारीत. ९०६६ खाली लष्कराने काढलेल्या हद्दपारीच्या आदेशांपैकी पहिला लागू झाला तो बेनब्रिजवर, ३० मार्चला. तिथले बरेच जण स्ट्रॉबेरीचे शेतकरी.

१०. कॅनडात होड्या जप्त केल्या म्हणतात. त्यांचं पुढे काय झालं?

कॅनडाच्या नौदलाने डिसेंबर १९४१ मध्येच जपानी मच्छीमारांच्या सुमारे १,२०० होड्या ताब्यात घेतल्या. ताब्यात घेतल्या म्हणजे काय, तर मालकांनाच त्या हाकत न्यू वेस्टमिन्स्टरला आणून द्यायला लावल्या. उत्तरेकडच्यांना शेकडो मैल यावं लागलं. भर डिसेंबर, खवळलेला समुद्र, होड्या एकमेकींना बांधून ओढत आणलेल्या आणि माणसं त्यांतच झोपत, शिजवत. फ्रेझर नदीच्या काठी ॲनीव्हिल इथे त्या खेटून बांधल्या. पाणी चढ-उतार होताना एकमेकींवर आदळून फळ्या फुटल्या, काहींत पाणी शिरलं, इंजिनांचे आणि होकायंत्रांचे सुटे भाग चोरीला गेले.

१९४२ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने होड्या विकल्या. घेणारे बहुतेक कारखाने आणि गोरे मच्छीमार, म्हणजे प्रश्न ६ मध्ये ज्यांची ओरड आपण पाहिली ते प्रतिस्पर्धीच. सगळ्यांना ठाऊक होतं की विकणाऱ्यापुढे दुसरा पर्याय नाही, मग भाव काय येणार? यांतल्या पुष्कळ होड्या मालकाने स्वतःच्या हाताने किंवा स्टीव्हस्टनच्या जपानी सुतारांकडून बांधून घेतलेल्या होत्या. नंतर कधी किनाऱ्यावर आपली होडी दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्या रंगात दिसली तरी तिच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) वळणावरून बांधणारा ती ओळखणारच.

११. अमेरिका आणि कॅनडा यांच्या वागणुकीत फरक होता का?

होता, आणि काही बाबतींत कॅनडा जास्त कठोर होता, हे अनेकांना धक्कादायक वाटतं.

अमेरिकेत अटक केलेले इस्सेई सोडले तर कुटुंबं साधारण एकत्र ठेवली. कॅनडात किनाऱ्यापासून १०० मैलांचा पट्टा रिकामा करताना आधी पुरुषांना रस्त्याच्या कामांवर पाठवलं आणि बायका-मुलांना व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या गोठ्यांत ठेवलं. पुढे त्यांना स्लोकन, न्यू डेन्व्हर, ताश्मे अशा डोंगराळ ठिकाणी किंवा अल्बर्टा-मॅनिटोबातल्या बीटच्या शेतांवर धाडलं. एकत्र राहायचं असेल तर बीटची शेती पत्करा, असा तो सौदा होता.

जानेवारी १९४३ मध्ये सरकारने मालकाच्या संमतीशिवाय त्याची मालमत्ता विकण्याचा अधिकार घेतला. ‘सुरक्षित ठेवू’ म्हणून घेतलेली घरं, शेतं, दुकानं लिलावात गेली, आणि त्या पैशांतूनच मालकाच्या छावणीतल्या जेवणाखाण्याचा खर्च वळता केला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात याहून निर्दय तरतूद नाही.

आणि काळ. अमेरिकेत जानेवारी १९४५ पासून किनाऱ्यावर परतता आलं. कॅनडात १ एप्रिल १९४९ उजाडावं लागलं. मधल्या काळात ‘रॉकीज पर्वताच्या पूर्वेला जा, नाहीतर जपानला जा’ असं विचारलं गेलं आणि सुमारे ४,००० लोक बॉम्बने भाजून निघालेल्या जपानला गेले. त्यांतली कित्येक मुलं कॅनडातच जन्मलेली.

१२. काही तरी असल्याशिवाय का धरलं? त्यांच्यात हेर नव्हतेच का?

जपानी वंशाच्या एकाही अमेरिकनावर युद्धकाळात हेरगिरी किंवा घातपाताचा गुन्हा सिद्ध झाला नाही. कॅनडातही नाही.

अफवा भरपूर होत्या: मच्छीमार म्हणजे वेष पालटलेले नौदल अधिकारी, होड्यांवरचे दिवे म्हणजे खुणा. रात्री मासे धरणारा दिवा लावणारच. मुद्दा असा की सरकारकडे खरी माहिती होती. लॉस एंजेलिस भागात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करणाऱ्या केनेथ रिंगल या अधिकाऱ्याने १९४२ च्या सुरुवातीलाच कळवलं होतं की बहुसंख्य लोक निष्ठावान आहेत आणि संशयितांची छाननी एकेकट्याने करता येईल. ते बाजूला ठेवलं गेलं. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने कारणं नोंदवली ती वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश अशी.

१३. इटली आणि जर्मनीशीही युद्ध होतं. मग त्यांच्या मच्छीमारांचं काय?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर इटालियन मच्छीमारही खूप होते, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी नागरिकत्व घेतलं नव्हतं त्यांच्यावर १९४२ च्या सुरुवातीला बंधनं आली. बेसबॉलपटू जो डिमॅजिओचे वडील सॅन फ्रान्सिस्कोत मच्छीमार होते. मुलगा देशाचा लाडका असूनही त्यांना धक्क्यावर जायची बंदी झाली. काही इटालियन मच्छीमारांच्या मोठ्या बोटी नौदलाने कामासाठी घेतल्या. त्यांचा त्रास खोटा नाही.

पण बंधनं होती नागरिकत्व न घेतलेल्यांवर, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये ती उठली. इटालियन वंशाच्या अमेरिकन नागरिकांना सरसकट कोणी उचललं नाही. जपान्यांच्या बाबतीत तान्ह्या नागरिकालाही सूट नव्हती. शिवाय इटालियनांना नागरिकत्व घेण्याची वाट मुळात खुली होती (प्रश्न ३).

१४. हवाईत तर हल्ला झाला. तिथले जपानी मच्छीमार कसे काय वाचले?

पूर्ण वाचले नाहीत. हवाईत जपानी वंशाचे लोक लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त होते. त्यांना हलवलं असतं तर बेटांचं कामकाजच थांबलं असतं, म्हणून तिथे दोन हजारांहून कमी लोकांना स्थानबद्ध केलं. मच्छीमारांच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. हल्ल्याच्या आधीच समुद्रात गेलेल्या काही होड्या दुसऱ्या दिवशी परतत होत्या. युद्ध सुरू झाल्याचं त्यांतल्या माणसांना माहीतही नव्हतं. अमेरिकी विमानांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि काही मच्छीमार मारले गेले. पुढे तिथल्या ‘साम्पान’ होड्यांची खोल समुद्रातली मासेमारी युद्धभर बंद पडली.

१५. समुद्रावरची माणसं वाळवंटातल्या छावणीत काय करत?

मांझानार लॉस एंजेलिसपासून साडेतीनशे किलोमीटरवर, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी. धुळीची वादळं, लाकडी बराकी, सुमारे १०,००० माणसं. टर्मिनल आयलंडचे लोक तिथेही शेजारी-शेजारी राहिले आणि त्यांची राकट बोली छावणीभर प्रसिद्ध झाली. तरुणांनी लष्करासाठी झाडापाल्यासारख्या जाळ्या विणण्याच्या कामावर हजेरी लावली. मासे धरायच्या जाळ्यात वाढलेले हात तोफा झाकायच्या जाळ्यांवर लागले.

मला फार आवडणारी गोष्ट दुसरी आहे. काही जण रात्री पहारेकऱ्यांचा झोत चुकवून तारेखालून बाहेर सरपटत जात आणि डोंगरातल्या ओढ्यांत ट्राउट धरत. जे मिळेल त्याची काठी, घरी केलेले गळ. काही तर वर बर्फाच्या तळ्यांपर्यंत चढून दिवसेंदिवस राहून येत. गोळी लागण्याची भीती होतीच. तरी जात.

१६. युद्ध संपल्यावर ते परत मासेमारीत आले का?

थोडे आले, आणि तेही भांडून. नौदलाने टर्मिनल आयलंडची वस्ती बुलडोझरने सपाट केली होती. परतायला गावच नव्हतं. अनेक कुटुंबांनी लाँग बीचच्या ट्रेलर वसाहतींत नव्याने सुरुवात केली.

त्यात कॅलिफोर्नियाने १९४३ मध्ये जपानी नागरिकांना मासेमारीचे परवाने बंद केले. ‘जपानी’ हा शब्द न्यायालयात टिकणार नाही म्हणून १९४५ मध्ये तो बदलून ‘नागरिकत्वास अपात्र’ असा केला. अर्थ तोच. टर्मिनल आयलंडचे तोराओ ताकाहाशी १९१५ पासून परवान्यावर मासेमारी करत होते. त्यांना परवाना नाकारला तेव्हा ते न्यायालयात गेले आणि जून १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो कायदा रद्द केला. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४४ मध्ये कोरेमात्सु खटल्यात हद्दपारीला मान्यता देणारा निकालही त्यांनीच लिहिला होता. दोन्ही एकापाठोपाठ वाचले की मन अस्वस्थ होतं.

स्टीव्हस्टनला १९४९ नंतर बऱ्यापैकी लोक परतले. कारखान्यांना कसबी माणसं हवी होती, त्यांनी होड्यांसाठी उचलही दिली. परतणाऱ्याला स्वतः बांधलेल्या होडीच्या जागी कारखान्याची होडी मिळाली आणि पन्नाशीत पुन्हा कर्ज फेडायला सुरुवात झाली.

१७. भरपाई मिळाली का?

अमेरिकेत १९४८ च्या कायद्याखाली लोकांनी सुमारे १४.८ कोटी डॉलरचे दावे केले, मिळाले सुमारे ३.७ कोटी. कागद नसेल तर दावा नाही. मच्छीमारांकडे कागद का नव्हते ते प्रश्न ५ मध्ये आलं आहे. कॅनडात बर्ड आयोगाने १९५० मध्ये जेमतेम १२ लाख डॉलर मंजूर केले.

माफी आली ती १९८८ मध्ये. अमेरिकेने हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले, तर पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी कॅनडाच्या संसदेत माफी मागून प्रत्येकी २१,००० डॉलर जाहीर केले. ‘हयात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या इस्सेईंची होडी गेली, जाळं गेलं, त्यांतले बहुतेक तोवर गेलेले होते.

१८. मराठीत याला काय म्हणावं? ‘स्थलांतर’ चालेल का?

मी वापरत नाही. स्थलांतर माणूस स्वतः करतो. ‘नजरकैद’ घरातल्या बंदीला शोभतो, आणि इथे तर घरच काढून घेतलं. बिस्मार्कला नेलेल्या बापांसाठी ‘स्थानबद्धता’ नेमका आहे, कारण ती परकीय नागरिकांसाठीची ठरीव कायदेशीर कारवाई होती. बायका-मुलांसाठी, नागरिक असलेल्या निसेईंसाठी ‘हकालपट्टी’ आणि ‘छावणीत डांबणं’ हे सरळ शब्द. त्या वेळच्या सरकारी कागदांत ‘सुरक्षित हलवणं’ या अर्थाचे शब्द आहेत. अनुवाद करताना ते तसेच उचलू नयेत.

१९. इतर देशांतही असं झालं का?

हो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम आणि थर्सडे आयलंड इथले मोत्यांसाठी बुड्या मारणारे जपानी पाणबुडे डिसेंबर १९४१ मध्ये स्थानबद्ध झाले. त्यांतही ताइजीचे बरेच. युद्धानंतर बहुतेकांना जपानला धाडलं. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत युद्धाआधी समुद्राने, वादळांनी आणि खोल बुड्यांच्या आजाराने घेतलेल्यांची शेकडो थडगी आहेत. मेक्सिकोने एन्सेनाडासारख्या किनाऱ्यांवरच्या जपान्यांना आत, ग्वादालाहारा आणि मेक्सिको सिटीला हलवलं.

२०. भारताचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा माहीत नाही. युद्धाआधी सिंगापूरला ताजी मासळी पुरवण्यात जपानी मच्छीमारांचा मोठा वाटा होता. त्यांतले कित्येक ओकिनावाचे. युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी सिंगापूर आणि मलायातल्या जपानी नागरिकांना, मच्छीमारांसकट, पकडून जहाजांनी भारतात आणलं आणि दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंत ठेवलं. नंतर त्यांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत हलवलं. समुद्रावरची माणसं आधी दिल्लीच्या उन्हाळ्यात, मग राजस्थानच्या माळावर.

त्याच देवळीत १९६२ च्या चीन युद्धानंतर स्वतंत्र भारताने सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना आणून ठेवलं. त्यांतले बरेच आसाम आणि बंगालमधले, कित्येक इथेच जन्मलेले.

महाराष्ट्राबद्दल विचारणाऱ्यांसाठी: पुरंदर किल्ल्यावर दुसऱ्या महायुद्धात छावणी होती, पण ती जर्मन आणि इतर युरोपियनांची, जपानी मच्छीमारांची नव्हे. दोहोंची सरमिसळ करू नये.

२१. टर्मिनल आयलंडवर आता बघण्यासारखं काही उरलंय का?

अगदी थोडं. आज तिथे कंटेनरचे डोंगर आहेत आणि दिवसभर ट्रकांची घरघर. टूना स्ट्रीटवर जुन्या वस्तीतल्या दोन इमारती उभ्या आहेत: १९१८ ची नानका शोतेन आणि १९२३ ची नाकामुरा कंपनीची, दोन्ही दुकानं. अमेरिकेतल्या धोक्यात असलेल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत २०२५ मध्ये त्यांचं नाव आलं, कारण पाडून टाकण्याचा विचार चालू होता.

जवळच पाण्याच्या कडेला २००२ मध्ये बेटाच्या जुन्या रहिवाशांनी उभारलेलं स्मारक आहे: शिंतो देवळासमोर असते तशी तोरी कमान आणि ब्राँझचे दोन मच्छीमार. मी गेले तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि वारा कारखान्यांच्या बाजूने वाहत होता. गाडीने जावं लागतं, आसपास खायला-प्यायला विशेष काही मिळत नाही, सावली नाही. पाणी बरोबर न्या. स्टीव्हस्टनला जाणार असाल तर गॅरी पॉइंटवरची कुनो बाग आणि जुनी गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी (मासळी डब्यात भरण्याचा कारखाना), दोन्ही पाहा. तिथे डबे भरायच्या यंत्रांची रांग अजून जागेवर आहे.